मैनमूळ, फोर्सकोलिन आणि स्वादुपिंडाचा पाझर

गुजरातेत गरमर नावाच्या मुळ्यांचे लोणचे घालतात. तुळशीच्या कुळातील एका लहान झुडपाची ही मांसल, सुवासिक मुळे. मराठीत या वनस्पतीला मैनमूळ म्हणतात, हिंदीत पत्थरचूर. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ती दीर्घकाळ कोलियस फोर्स्कोली या नावाने ओळखली गेली. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगररांगांपासून दक्षिणेतील टेकड्यांपर्यंत ती आढळते. तिच्या मुळ्यांत, सुक्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात, एक द्रव्य असते. ते शुद्ध स्वरूपात प्रथम हाती आले ते भारतात, १९७०च्या दशकात. रक्तदाबावरचे औषध म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. ती आशा फारशी फळाला आली नाही. मात्र प्राण्यांच्या स्वादुपिंडातून दिवसाकाठी एवढे पाणी कसे पाझरते, या अनेक दशके रेंगाळलेल्या प्रश्नाची उकल होताना हेच द्रव्य हत्यार म्हणून वापरले गेले, आणि आजही वापरले जाते.

प्रश्न मुळात किती मोठा आहे हे आधी पाहिले पाहिजे. माणसाचे स्वादुपिंड जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचे. त्यातून रोज सुमारे दीड लिटर रस आतड्यात उतरतो, म्हणजे ग्रंथी स्वतःच्या वजनाच्या दहापटींहून अधिक द्रव दररोज बाहेर टाकते. या रसात दोन गोष्टी असतात. अन्नाचे विघटन करणारी विकरे एका प्रकारच्या पेशी तयार करतात. पाणी आणि बायकार्बोनेट मुख्यतः दुसऱ्या, नलिकांच्या भिंतीतील पेशी देतात. जठरातून आलेले आम्ल निष्प्रभ करण्याचे काम बायकार्बोनेटचे. माणूस, कुत्रा, मांजर, डुक्कर यांच्या स्वादुरसात त्याचे प्रमाण लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास जाते. रक्तात ते २५ च्या आत-बाहेर असते. उंदराच्या जातीत हा आकडा बराच कमी. प्राण्याप्राण्यांतला हा फरक पुढे अनेक वादांचे मूळ ठरला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या क्षेत्रावर सेंट पीटर्सबर्गच्या इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेची छाया होती. आतड्याच्या आरंभीच्या भागात आम्ल आले की स्वादुपिंड रस सोडते, हे त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसून आले होते. त्यांचे स्पष्टीकरण असे, की आम्लाची वर्दी मज्जातंतूंवाटे जाते आणि मज्जातंतूंवाटेच ग्रंथीला आज्ञा येते. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा केला. त्याचे सर्व मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या राखल्या आणि त्यात आम्ल सोडले. मज्जातंतू नसतानाही स्वादुरस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून, गाळून तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. रस पुन्हा वाहिला. अर्कातील द्रव्याला त्यांनी सिक्रिटिन हे नाव दिले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा रक्तवाही दूतांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो.

त्या प्रयोगातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. मज्जातंतूंचा संदेश रोखणारे अ‍ॅट्रोपीन दिल्यावरही सिक्रिटिनचा परिणाम कायम राहिला. धोतऱ्याच्या जातकुळीतील वनस्पतींत सापडणाऱ्या एका औषधाने येथे साक्षीदाराचे काम केले: अमुक वाट बंद केली तरी रस वाहतो, तेव्हा तो त्या वाटेने येत नाही. औषधाचा उपयोग रोग बरा करण्यासाठी नव्हे तर वाट शोधण्यासाठी करण्याची ही रीत स्वादुपिंडाच्या अभ्यासात सुरुवातीपासून आहे.

या यशाला एक काळी किनारही आहे. डिसेंबर १९०२ मध्ये स्टार्लिंग यांनी स्वादुपिंडाच्याच अभ्यासासाठी एका तपकिरी कुत्र्यावर शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी १९०३ मध्ये तोच कुत्रा विद्यार्थ्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात पुन्हा आणला गेला. उपस्थितांत दोन स्वीडिश तरुणी होत्या, लिझी लिंड आफ हागेबी आणि लेइसा शार्टाऊ. कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असा त्यांचा आरोप. प्रकरण न्यायालयात गेले. बेलिस यांनी बदनामीचा दावा जिंकला आणि त्यांना २,००० पौंड भरपाई मिळाली. पण १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, १९०७ मध्ये त्यावरून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी दंगे केले, आणि १९१० मध्ये पुतळा हलवण्यात आला. निकाल एका बाजूने लागला तरी प्रश्न मिटला नाही. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत १९०२ चा कुत्रा असतो, १९०३ चा नसतो. ही निवड निष्पाप म्हणता येत नाही.

सिक्रिटिन ही २७ अमिनो आम्लांची साखळी आहे हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योर्पेस आणि मुट यांनी डुकरांच्या आतड्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६०च्या दशकात उलगडले. परंतु ही साखळी पेशीच्या आत शिरत नाही. ती बाहेरच्या पटलावरील ग्राहीला चिकटते. मग आत पाणी सोडण्याची आज्ञा कोण पोहोचवतो? उत्तराचा धागा अर्ल सदरलँड यांच्या यकृतावरील कामात होता. संप्रेरक बाहेर थांबते आणि आत चक्रीय एएमपी नावाचा एक छोटा रेणू दुसरा दूत म्हणून तयार होतो, हा त्यांचा सिद्धान्त. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा रेणू बनवणाऱ्या विकराचे नाव अ‍ॅडेनिलेट सायक्लेज.

स्वादुपिंडात हाच दूत काम करतो का, हे इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या मेनार्ड केस, स्क्रॅचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून तपासले. मांजराचे स्वादुपिंड शरीराबाहेर काढून क्षारयुक्त द्रवावर जिवंत ठेवण्याची पद्धत त्यांच्या हाताशी होती. अडचण अशी, की चक्रीय एएमपी बाहेरून टाकले तर ते पेशीपटल ओलांडत नाही. म्हणून त्याचे एक मेदस्नेही रूप द्यावे लागे, किंवा चहातल्या कॅफीनचे भावंड असलेले थिओफिलीन देऊन आतल्या दूताचे विघटन रोखावे लागे. रस वाहिला, पण या उपायांचे हात एकाहून अधिक ठिकाणी पोहोचतात. थिओफिलीनने रस वाढला तर तो नेमका कशामुळे, यावर शंका घेता येई. दूत आतच, पेशीच्या स्वतःच्या यंत्राकडून, ग्राहीला हात न लावता तयार करवणारे एखादे द्रव्य हवे होते. ते तेव्हा कोणाजवळच नव्हते.

ते जेथे निघाले तेथे स्वादुपिंडाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींच्या अर्कांची पद्धतशीर छाननी हाती घेतली होती. तिचे पहिले मोठे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही संस्था १९५१ मध्ये नवाबांच्या छत्तर मंझिल या वाड्यात सुरू झाली होती. मुंबईच्या मुलुंड उपनगरात हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथेही पारंपरिक उपयोग असलेल्या वनस्पतींचे अर्क रक्तदाब, हृदय आणि स्नायू यांवर तपासले जात. दोन्ही ठिकाणी मैनमुळाचा अर्क उठून दिसला. लखनौच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातील क्रियाशील द्रव्याला ‘कोलिओनॉल’ म्हटले. मुलुंडला सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये आपल्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली; पुढच्याच वर्षी लिंडनर, दोहादवाला आणि भट्टाचार्य यांनी त्याचे औषधशास्त्र मांडले, आणि ‘फोर्सकोलिन’ हे नाव जगभर गेले. हृदयाचे आकुंचन ते जोरकस करते आणि रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरवते, हे त्या कामातून स्पष्ट झाले.

दोन नावे, दोन रचना, एकच झुडूप. काही वर्षे असे मानले गेले की कोलिओनॉल आणि फोर्सकोलिन ही एकाच सांगाड्याची, एका कार्बन अणूभोवतीच्या दिशेत फरक असलेली, दोन भिन्न द्रव्ये आहेत. १९८५ मध्ये ती एकच असल्याचे सिद्ध झाले. रेणूत २२ कार्बन, ३४ हायड्रोजन आणि ७ ऑक्सिजन अणू. त्यात आठ असे कार्बन की ज्यांच्या दिशा चुकल्या तर रेणू दुसराच होतो. त्यामुळे असा घोळ होणे समजण्याजोगे आहे. मात्र तो मिटेपर्यंत जागतिक साहित्यात एकच नाव रुजले होते, आणि लखनौचे नाव तळटिपेत गेले. दोन्ही शोध भारतातच लागले असताना ‘पहिला कोण’ या वादाला फारसा अर्थ नाही. पण विद्यार्थ्यांना यांतले एकही नाव माहीत नसावे, ही खंत रास्त आहे.

फोर्सकोलिन हे नाव ज्याच्यावरून पडले त्या पेटर फोर्स्कोल याचा मुंबईशी एक विचित्र संबंध आहे. लिनियसचा हा शिष्य १७६१ मध्ये कोपनहेगनहून निघालेल्या अरबस्तान मोहिमेत निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेला आणि १७६३ मध्ये येमेनमधील यरीम येथे मलेरियाने वारला. वय अवघे ३१. उरलेले मोहीमकर मोखा बंदरातून जहाजाने मुंबईला यायला निघाले. चित्रकार आणि नोकर वाटेत समुद्रावर गेले. वैद्य क्रामर मुंबईत वारला. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. घारापुरीच्या लेण्यांची मापे-चित्रे घेऊन तो परतला आणि १७७५ मध्ये त्याने मृत मित्राची वनस्पतिसूची छापून काढली. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झुडपाला फोर्स्कोलचे नाव दिले, आणि दोनशे वर्षांनी मुंबईतच ते नाव एका रेणूला मिळाले. योगायोगापलीकडे यात काही नाही.

फोर्सकोलिन नेमके काय करते हे १९८१ मध्ये कळले. अमेरिकेच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांत केनेथ सीमन, पॅजेट आणि जॉन डॅली यांनी (विषारी बेडकांच्या कातडीतील द्रव्यांवर काम करणारे ते हेच डॅली) उंदराच्या मेंदूतील पेशीपटलांवर ते टाकले. अ‍ॅडेनिलेट सायक्लेज धडाक्यात कामाला लागले. हेक्स्टच्या जर्मनीतील शास्त्रज्ञांनीही त्याच वर्षी तोच निष्कर्ष छापला. आश्चर्य याचे, की संप्रेरक नको, ग्राही नको, मधला दुवा असलेले जी-प्रथिनही नसले तरी चालते. द्रव्य धुऊन काढले की परिणाम ओसरतो. घराची घंटा वाजवून, दाराशी कोणी येण्याची वाट न पाहता थेट आतला दिवा लावावा, तसे हे. १९९७ मध्ये या विकराची स्फटिकरचना उलगडली तेव्हा फोर्सकोलिन त्याच्या दोन अर्ध्या भागांच्या खाचेत बसून त्यांना एकत्र धरताना स्पष्ट दिसले.

येथे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांची आठवण अपरिहार्य आहे. १९५९ मध्ये त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यांत कॉलऱ्याच्या जंतूंचा, जंतू गाळून काढलेला द्रव सोडून दाखवला. तुकडे पाण्याने तट्ट फुगले. ते विष पुढे जी-प्रथिनाला चालू स्थितीतच अडकवून ठेवते असे समजले: तेच विकर, तोच दूत, पण बटण परत फिरवण्याची सोय नाही. म्हणून कॉलऱ्यात माणूस काही तासांत कोरडा पडतो. एका देशातील दोन प्रयोगपरंपरांनी, परस्परांशी संबंध नसताना, पेशीतून पाणी सोडणाऱ्या एकाच यंत्राच्या दोन कळा शोधल्या. एक मारक, एक निरुपद्रवी.

आता स्वादुपिंडाकडे. १९८०च्या दशकात जपानमध्ये भूल दिलेल्या कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला फोर्सकोलिन देऊन पाहिले गेले. स्वादुरसाचा प्रवाह वाढला, बायकार्बोनेटही वाढले, सिक्रिटिन दिल्यासारखेच. उंदराच्या विकर तयार करणाऱ्या पेशींवर मात्र एकट्या फोर्सकोलिनचा परिणाम बेताचा होता; कॅल्शियमच्या वाटेने काम करणारे उत्तेजक जोडीला दिले की विकरांचा स्राव वाढे. म्हणजे एकाच ग्रंथीत दोन यंत्रणा शेजारी-शेजारी चालतात: विकरांसाठी मुख्यतः कॅल्शियम, पाण्यासाठी मुख्यतः चक्रीय एएमपी. ही विभागणी आधीपासून सुचवलेली होती. फोर्सकोलिनमुळे ती ग्राहींच्या गुंतागुंतीपासून अलग करून पाहता आली.

संपूर्ण ग्रंथीवरच्या प्रयोगाला मर्यादा असतात. रस कोणत्या पेशीतून आला हे बाहेरून सांगता येत नाही, कारण नलिकांच्या पेशी संख्येने थोड्या आणि विकर-पेशींच्या गर्दीत लपलेल्या. न्यूकॅसलच्याच बॅरी आर्जेंट यांच्या गटाने यावर एक चतुर उपाय वापरला. उंदरांना तांबे-विरहित आहार दिला की विकर-पेशी झडतात आणि नलिका शिल्लक राहतात. अशा सूक्ष्म नलिका सोडवून पोषक द्रवात ठेवल्या की त्यांची टोके आपोआप मिटतात आणि प्रत्येक नलिकेची एक बंद पिशवी होते. उत्तेजन दिले की पाणी आत झिरपते आणि पिशवी फुगते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे आकारमान मोजायचे, बस. रस गोळा करण्याचा प्रश्नच मिटला.

१९८८ मध्ये ग्रे, ग्रीनवेल आणि आर्जेंट यांनी या नलिकापेशींच्या आतल्या तोंडावर, रस जेथे सांडतो त्या बाजूला, एक छोटी क्लोराइड-मार्गिका विद्युत्‌मापनाने पकडली. सिक्रिटिनने ती जागी होत होती, आणि फोर्सकोलिननेही. ग्राहीला वगळले तरी तीच मार्गिका उघडते, म्हणजे सिक्रिटिनचा निरोप चक्रीय एएमपीवाटे तेथपर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून पक्के झाले. त्या मार्गिकेचे जनुक तोवर कोणाला माहीत नव्हते.

ते पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, वेगळ्याच दिशेने सापडले. टोरांटो आणि मिशिगन येथील लॅप-ची त्सुई, रिओर्डन आणि कॉलिन्स सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचे जनुक शोधत होते. रोगाचे हे नावच मुळात स्वादुपिंडाचे आहे: १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी मृत बालकांच्या स्वादुपिंडात गाठी आणि तंतुमय ऊती पाहून त्याचे वर्णन केले. नलिकांत पाणी उतरत नाही, रस घट्ट होऊन अडकतो, ग्रंथी स्वतःच्याच विकरांनी नासते, मूल खाऊनही वाढत नाही. पुढे फुप्फुसे निकामी होतात. १९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी या रुग्णांच्या घामनलिकांतून क्लोराइड जात नाही असे दाखवले होते. क्विंटन स्वतः याच रोगाचे रुग्ण. १९८९ च्या जनुकाचे प्रथिन, सीएफटीआर, ही चक्रीय एएमपीने उघडणारी क्लोराइड-मार्गिकाच निघाली. उंदरांच्या नलिकांतील मार्गिका आणि न्यूयॉर्कच्या बालकांचा रोग एका जागी येऊन मिळाले.

भौतिकीच्या नजरेला मात्र एक प्रश्न टोचत राहतो. पेशीत बायकार्बोनेट लिटरमागे सुमारे २० मिलिमोल, बाहेरच्या रसात १४०. सातपट चढ चढून आयन बाहेर जातात कसे? नागोया येथील इशिगुरो आणि मँचेस्टर येथील स्टुअर्ड व केस यांनी १९९०च्या दशकापासून गिनीपिगच्या नलिकांवर हे काम केले, कारण गिनीपिगचा स्वादुरस माणसाच्या रसासारखा बायकार्बोनेटने समृद्ध असतो. उत्तर साध्या विद्युत्‌-रसायनात दडलेले आहे. शरीराच्या तापमानाला सातपट फरक तोलण्यासाठी सुमारे ५२ मिलिव्होल्टचा विभव पुरतो. उत्तेजित नलिकापेशीचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेत साधारण ६० मिलिव्होल्टने ऋण असतो. ऋणभारित बायकार्बोनेटला बाहेर ढकलायला तेवढा दाब पुरेसा आहे. वेगळा पंप मानण्याची गरज उरत नाही. दार उघडे असले म्हणजे झाले, आणि ते दार सीएफटीआर. बायकार्बोनेटमागे सोडियम जाते, त्यांच्यामागे पाणी. पटलाच्या दोन्ही बाजूंचे आठ मिलिव्होल्ट आणि रोजचे दीड लिटर यांच्यातील हे नाते पाहिले की ग्रंथीच्या काटकसरीचे नवल वाटते.

फोर्सकोलिनचे स्वतःचे काय झाले? ते पाण्यात नीट विरघळत नाही, आणि अ‍ॅडेनिलेट सायक्लेज शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, म्हणून रक्तात सोडलेले द्रव्य सगळीकडेच दिवे लावत सुटते. जपानमध्ये त्याचे पाण्यात विरघळणारे एक रूप तीव्र हृदयविकारात वापरात आले. त्यापलीकडे मोठे औषध झाले नाही. प्रयोगशाळेत जो गुण, दवाखान्यात तोच दोष. एलिअस कोरी यांच्यासह काहींनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते कृत्रिमरीत्या बनवले, पण ती वाट इतकी लांब की मुळ्यांशी स्पर्धा अशक्य. २०१७ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये घालून ते तयार करून दाखवले; फोर्स्कोल ज्या शहरातून निघाला तेच शहर. दरम्यान तमिळनाडू आणि कर्नाटकात या मुळ्यांची करारशेती उभी राहिली. तिची मागणी वाढवली ती प्रयोगशाळांनी नव्हे, तर परदेशी बाजारातल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी. त्या दाव्यामागचा पुरावा अगदी तुटपुंजा आहे. ‘चरबी वितळवणारे प्राचीन भारतीय मूळ’ अशी जाहिरात करणाऱ्यांना मुलुंड आणि लखनौ यांची नावे ठाऊक नसतात, यात नवल नाही.

खरा उपयोग दुसरीकडे चालू राहिला. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील बेकमन, क्लेवर्स आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या गुदाशयातून टाचणीच्या टोकाएवढा ऊतीचा कण घेतला आणि त्यापासून काचेच्या बशीत पोकळ पेशीगोल वाढवले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्यांवर फोर्सकोलिन टाकले. निरोगी माणसाच्या पेशींचे गोल तासाभरात फुगले, रुग्णांचे नाही, किंवा फारच थोडे. मग बशीत सीएफटीआर सुधारणारे औषध घातले. काहींचे गोल फुगू लागले. डे यांच्या सशाचे आतडे किंवा आर्जेंट यांची मिटलेली नलिका फुगली त्याच तत्त्वावर, पण येथे प्राणी नाही आणि पेशी त्याच रुग्णाच्या. कोणाला कोणते औषध लागू पडेल हे ते औषध देण्याआधी पाहता येते. नेदरलँड्समध्ये दुर्मीळ उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांना या चाचणीच्या आधारे औषध मिळाले आहे.

भारतासाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्यांचा रोग, येथे नसतोच, असे दीर्घकाळ समजले गेले. न वाढणारे, सतत खोकणारे, जुलाबांनी बेजार मूल क्षय किंवा कुपोषणाच्या नोंदीत जाई. उन्हाळ्यात घामावाटे मीठ जाऊन मलूल झालेल्या तान्ह्या बाळाचे निदान साध्या निर्जलीकरणाचे होई. दिल्लीच्या एम्ससारख्या रुग्णालयांनी घामाची चाचणी सातत्याने सुरू केली तेव्हा रुग्ण दिसू लागले. युरोपात या रोगाच्या बहुतांश रुग्णांत एकच उत्परिवर्तन आढळते आणि नवी औषधे प्रामुख्याने त्याच्याभोवती घडवली गेली. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण बरेच कमी, आणि दुर्मीळ उत्परिवर्तनांची विविधता जास्त. जनुकाची यादी पाहून औषध ठरवायचे तर यातील अनेक मुले यादीबाहेर राहतात. त्यांच्या पेशी बशीत फुगतात की नाही, हे पाहणे हा अशा मुलांसाठी उरलेला मार्ग आहे.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरील प्रयोगांच्या जोडीने किंवा त्यांच्याऐवजी ऑर्गनॉइड आणि तत्सम पेशी-आधारित पद्धतींना मान्यता दिली. ही परवानगी औषधांच्या मंजुरीसाठी आहे. एखाद्या मुलाला कोणते औषध द्यावे हे ठरवण्यासाठी रुग्णालयांत लागणाऱ्या चाचणीची व्यवस्था ती आपोआप उभी करत नाही. त्यासाठी ऊतीचा कण नीट घेऊ शकणारे डॉक्टर, तो काही तासांत पोहोचेल अशी शीतसाखळी, आठवडेच्या आठवडे पेशी सांभाळणारे प्रशिक्षित हात आणि औषध परवडेल अशी सोय लागते. फोर्सकोलिनची पांढरी पूड त्या यादीतली सर्वांत सोपी वस्तू. ती अजूनही त्याच मुळ्यांतून काढली जाते.